पोलादाचा व्यापार आणि भंगाराचा काटा

एखादे राष्ट्र वर्षाला किती पोलाद तयार करते, यावरून त्याची प्रगती मोजण्याची पद्धत जुनी आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांत ती आहे, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात गेली दहा वर्षे मीही ती शिकवीत आलो आहे. फळ्यावर चार रकाने आखायचे: उत्पादन, वापर, आयात, निर्यात. निर्यात आयातीहून अधिक असली की देश पुढे गेला; आयात वाढली की देशापुढे संकट उभे राहिले. २०२१-२२ साली भारताने सुमारे १ कोटी ३५ लाख टन तयार पोलाद परदेशी पाठवले, तेव्हा तो विक्रम ठरला. २०२३-२४ साली आयात सुमारे ८३ लाख टन आणि निर्यात ७५ लाख टन झाली, तेव्हा चिंता सुरू झाली. आकडे खरे आहेत. परंतु अभिमान कोणी बाळगायचा आणि चिंता कोणी वाहायची, हे हा तक्ता सांगत नाही. त्यात 'देश' नावाचा एकच माणूस आहे, आणि त्या माणसाला जात नाही, मजुरी नाही, घर नाही.

हा प्रश्न मी नव्याने उपस्थित करतो आहे असे नव्हे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो विचारला आहे. (आपल्या सभांतून या ग्रंथाचे नाव पुष्कळदा घेतले जाते, वाचणारे फार थोडे. तो अवघड आहे हे खरे, पण अवघड म्हणून तो इतरांच्या हाती सोडून द्यावा असे नाही.) १८७३ नंतर सोन्याच्या तुलनेत चांदी स्वस्त होत गेली आणि चांदीचा रुपया घसरला. परदेशी माल विकणाऱ्याला सोन्याच्या नाण्यामागे पूर्वीपेक्षा अधिक रुपये मिळू लागले. निर्यातदार खूष झाले आणि हा हिंदुस्थानचाच लाभ आहे असे सांगू लागले. बाबासाहेबांनी त्या लाभाचा माग काढला. तो परक्या गिऱ्हाइकाच्या खिशातून आलेला नव्हता. रुपया घसरला की देशात किमती चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. मजुराच्या रुपयात जेवढे धान्य कमी येते, तेवढा निर्यातदाराचा नफा वाढतो. म्हणजे राष्ट्राचा लाभ म्हणून जे मिरवले जात होते, ते एका वर्गाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात गेलेले अन्न होते. ही कसोटी पोलादाला लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पोलादाची निर्यात आपल्याकडे टाटांपासून सुरू झाली असा एक समज आहे. नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेलंगणातला निजामाबाद जिल्हा लागतो. तेथील कोनासमुद्रम या गावी मातीच्या बंद मुशीत लोखंड तापवून उच्च प्रतीचे पोलाद तयार होत असे. युरोपियन लोक ज्याला 'वुट्झ' म्हणत, ते हेच. १८२० च्या दशकात हेन्री वॉयसी हा इंग्रज भूवैज्ञानिक तेथे गेला, तेव्हा थेट इस्फाहानहून माल घेण्यासाठी आलेला इराणी व्यापारी त्याला भेटला. असल्या पोलादाच्या तलवारी पुढे दमास्कसच्या नावाने जगभर गाजल्या. मायकेल फॅरडेने लंडनमध्ये वुट्झचे नमुने तपासले आणि ते तसे का होते हे शोधण्यात काही वर्षे घालवली. ज्या निजामी मुलखाचा धडा आम्ही 'मागासलेला प्रदेश' म्हणून वाचला, त्याच मुलखाच्या एका कोपऱ्यातून इराणला पोलाद जात होते! इतिहासाने तलवारीला शहराचे नाव दिले, व्यापाऱ्याचे गाव नोंदवले, शास्त्रज्ञाचे नाव जपले. मूस घडवणारा, कोळसा भरणारा आणि रात्रभर भाता ओढणारा यांची नावे मात्र कोणाच्या वहीत उतरली नाहीत.

हे कसब एका दिवसात मेले नाही. कारखान्यातले स्वस्त इंग्रजी लोखंड बंदरांतून आत आले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी ब्रिटिश मुलखातली जंगले राखीव होत गेली आणि कोळशासाठी लाकूड तोडणारा गुन्हेगार ठरला. लोखंड गाळणे संपले. गाळलेले लोखंड ठोकणे तेवढे उरले. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या कडेला घिसाड्यांची पाले पडतात. बाई घण मारते, पुरुष सांडशीने तापलेला तुकडा फिरवतो, आणि ट्रकच्या तुटलेल्या पाट्यातून विळा, खुरपे, कुऱ्हाड निघते. कोणत्या पाट्याला किती पाणी द्यायचे हे त्यांना डोळ्यांनी कळते. या ज्ञानाला पदवी नाही, पाल मारायला हक्काची जागा नाही.

दुसऱ्या बाजूने इंग्लंडचे पोलाद रूळ होऊन आले. निजामाच्या काळात पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज टाकली गेली. स्वातंत्र्यानंतर तीच वाट अकोल्यावरून खांडव्याला जोडली गेली. पण पहिल्या काळातला रेल्वेचा हिशेब साधा होता. रूळ बाहेरून यायचा आणि त्याच रुळावरून इथला कापूस बाहेर जायचा. रुळाची खडी फोडणारे, माती टाकणारे हात तेवढे स्थानिक.

देशी पोलादाचा उद्योग उभा राहिला तो या पार्श्वभूमीवर. जमशेटजी टाटांचे लक्ष प्रथम गेले ते महाराष्ट्रातल्या चांदा जिल्ह्याकडे, लोहाऱ्याच्या खनिजाकडे. १८८२ च्या एका अहवालाने ती दिशा दाखवली होती. लोहाऱ्याला योग्य कोळसा मिळाला नाही आणि कारखाना पूर्वेकडे गेला. १९०७ साली कंपनी स्थापन झाली, १९१२ साली पोलाद निघाले. पहिल्या महायुद्धात या कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले. युद्ध संपताच युरोपचे स्वस्त पोलाद बंदरावर येऊन पडले आणि टाटांनी सरकारकडे संरक्षण मागितले. १९२४ च्या कायद्याने ते मिळाले. १९२७ साली त्यात ब्रिटिश मालाला कमी जकातीची सवलत देण्यात आली, म्हणजे संरक्षणातही साम्राज्याचा वाटा ठेवला गेला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे दुसरेच आहे. संरक्षणाची किंमत महाग पोलादाच्या रूपाने सारा देश देणार असेल, तर कारखान्यातल्या कामगाराच्या स्थितीची हमी कोण देणार, हा प्रश्न ना. म. जोशी यांच्यासारख्या कामगार प्रतिनिधीने कायदेमंडळात मांडला. जकात मिळाली, हमी मागे राहिली.

आणि हमी मिळाली असती तरी ती सर्वांपर्यंत पोहोचली असती का? मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे. चांगल्या पगाराचे खाते त्यामुळे बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. राष्ट्रीय उद्योग, राष्ट्रीय संप, राष्ट्रीय संरक्षण, हे सगळे असूनही खात्याचे दार जातीने बंद राहू शकते, हे तेथे सिद्ध झाले.

तरीही आपण कारखान्याच्या विरोधात नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण अलीकडे आपल्यातले काही मित्र यंत्र आणि बाजार यांचा एकत्रच धिक्कार करतात. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरच्या निबंधात दाखवून दिले की शेतीवर अतिरिक्त माणसांचा बोजा आहे आणि औद्योगिकीकरणाखेरीज तो उतरणार नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत मदतीने भिलाई, पश्चिम जर्मनीच्या मदतीने राउरकेला, ब्रिटनच्या मदतीने दुर्गापूर हे कारखाने उभे राहिले. प्रत्येकाची सुरुवातीची क्षमता १० लाख टन. यंत्रे, तंत्रज्ञ, नकाशे आयात केले, ते पुढे पोलाद आयात करावे लागू नये म्हणून. यांत एक गोष्ट अशी घडली की जिची नोंद आयात-निर्यातीच्या इतिहासात होत नाही: सार्वजनिक कारखाना असल्याने तेथे राखीव जागा आल्या. भट्टीजवळ आणि कार्यालयात अनुसूचित जातींची, जमातींची माणसे कायम नोकरीवर लागली. क्वार्टर मिळाले, मुलांना शाळा मिळाली. हे चित्र निर्मळ नव्हते. राउरकेल्यासाठी आदिवासींची गावे उठली. बैलाडिल्याचे खनिज जपानला पाठवण्यासाठी डोंगरातून रेल्वे टाकली गेली, आणि १९७८ च्या एप्रिलमध्ये किरंदुल येथे कामावरून काढलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. जपानी भट्टीला खनिज वेळेवर मिळत राहिले.

१९५६ साली मालवाहतुकीच्या भाड्याचे समानीकरण झाले. पोलाद भिलाईत घ्या की मुंबईत, रेल्वेभाड्याचा फरक पडू नये अशी ती व्यवस्था होती. परिणाम असा झाला की खनिज आणि कोळसा ज्या बिहार-ओरिसात होता, तेथे त्यावर आधारलेले उद्योग वाढण्याचे कारणच उरले नाही, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात कारखानदारी वाढली. जानेवारी १९९२ मध्ये किमतीवरचे व वाटपावरचे नियंत्रण उठले तेव्हा ही व्यवस्थाही गेली. पण तोवर साडेतीन दशके उलटली होती. आज जालन्याच्या भट्ट्यांवर बिहारी, ओडिया मुले उभी दिसतात, तेव्हा आमच्याकडे 'परप्रांतीय आले' म्हणतात. त्यांच्या जमिनीखालचे लोखंड आमच्याकडे त्यांच्याआधी आले होते, हे कोणी म्हणत नाही.

जालन्याचे नाव निघाले म्हणून थोडे घरचे सांगतो. पोलाद म्हटले की आमच्या भागात जालनाच. गेल्या चार-पाच दशकांत तेथे रोलिंग मिल आणि इंडक्शन भट्ट्या वाढत गेल्या. भंगार वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि त्यातून सळई काढायची. माझा बाप पूर्णेला गाडी बदलून तेथे जायचा. सहा-आठ महिने राहायचा, पेरणीला परत यायचा. लाल सळई रोलमधून सापासारखी धावत येते, ती चिमट्याने धरून पुढच्या रोलमध्ये घालायची, असे काम. त्याच्या प्रत्येक सदऱ्याला ठिणग्यांची भोके असत. माय ती भोके रफू न करता तसाच सदरा शेतात घालायला देई. आठ वर्षांत त्याचे नाव हजेरीपटावर चढले नाही. तो ठेकेदाराचा माणूस होता, कारखान्याचा नव्हता. या सळईवर माझी पदवी झाली, हे मी नाकारत नाही. ती सळई 'देशाच्या उत्पादनात' मोजली गेली, बाप मात्र कशातच मोजला गेला नाही, एवढेच म्हणतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसच्या वर कामगार भाजले, तेव्हा तो बातम्या बघत बसला होता. काही बोलला नाही.

या ठेकेदारीचा हिशेब सार्वजनिक कारखान्यांतही दिसतो. १९८० च्या दशकात सेलमध्ये दोन लाखांच्या घरात कायम कामगार होते. २०२४ पर्यंत ते साठ हजारांच्या आत आले. याच काळात देशाचे उत्पादन कितीतरी पटींनी वाढले; २०१८ पासून आपण जपानला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर आहोत, आणि २०२४-२५ मध्ये १५ कोटी टनांवर कच्चे पोलाद तयार झाले. राखीव जागा कायम नोकरीत असतात, ठेक्यात नसतात. कोणतेही आरक्षणविरोधी आंदोलन न होता, एकही कायदा न बदलता, आरक्षण आटले.

आता बाबासाहेबांची कसोटी. २०२१-२२ ची विक्रमी निर्यात आठवा. परदेशात भाव चढा होता, माल बाहेर जात होता. युक्रेनच्या युद्धाने कोळसा महागला, आणि पोलादाला लागणारा कोकिंग कोळसा तर आपण बहुतांश आयातच करतो. एप्रिल २०२२ च्या सुमारास सळई किलोला ७५ रुपयांच्या आसपास गेली. दोन वर्षांपूर्वी ती ४५ च्या आसपास होती. त्याच वेळी आमच्या वस्त्यांत घरकुले चालू होती. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घरकुलाचे अनुदान १ लाख २० हजार. ते २०१६ पासून तेवढेच. आमच्या गवंड्याच्या हिशेबाने लहान घराला पाच क्विंटल सळई धरली, तर किलोमागे ३० रुपयांनी १५ हजार रुपये वाढले. अनुदानाचा आठवा हिस्सा. सिमेंट, वाळू वेगळी. ज्याच्याकडे शेती आहे त्याने तूर विकून भर घातली. ज्याच्याकडे नाही, त्याच्या भिंती लिंटलपर्यंत येऊन थांबल्या आणि वर पत्रा पडला, नाहीतर सावकार आला. चढत्या भावाचा भार ज्याचे उत्पन्न बांधलेले असते त्याच्यावर पडतो, हे १९२३ चे निदान. घरकुलाचे अनुदान म्हणजे असे बांधलेले उत्पन्नच. निर्यातीचा सगळाच नफा त्या लिंटलवरून गेला असे मी म्हणणार नाही. कोळशाचा, युद्धाचा भाग त्यात आहे. पण काही भाग तेथूनच गेला.

सरकारने २२ मे २०२२ पासून पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावले. भाव उतरले. उद्योगाने ओरड केली आणि १९ नोव्हेंबरपासून शुल्क मागे घेतले गेले. सहा महिने. लिंटलवाल्यांनी ओरड केली असती तर किती महिने लागले असते? त्यांची संघटना नाही, त्यांना दिल्लीत कार्यालय नाही. पुढे आयात वाढली तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये १२ टक्के संरक्षक शुल्क २०० दिवसांसाठी आले. तेही सपाट पोलादावर, म्हणजे पत्रा, प्लेट, कॉइल यांवर. सळईवर नव्हे. सपाट माल मोठ्या कंपन्यांचा. सळई जालन्यासारख्या लहानांचीही. शुल्क लावू नये असे माझे मत नाही. स्वस्त आयातीने मिल बंद पडली तर पहिला घरी जातो तो ठेक्यावरचा माणूस. पण शुल्काबरोबर त्याच्या हजेरीपटाची अट का घातली जात नाही, हा १९२४ सालचा प्रश्न शंभर वर्षांनीही तेथेच उभा आहे.

दरडोई वापराचा आकडाही याच नजरेने पाहावा. २०२३-२४ मध्ये देशात माणशी सुमारे ९८ किलो पोलाद वापरले गेले. ग्रामीण भागात सुमारे २० ते २२ किलो. त्या बावीस किलोंत ट्रॅक्टरही आहे, बंगल्याचा जिनाही आहे. दलित वस्तीच्या वाट्याला एक विळा, दोन पत्रे आणि मोडकी सायकल येत असावी. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो, उभी राहायची आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत पोलादी नळ्या बसतील. माझे विद्यार्थी त्याबद्दल उत्साहाने विचारतात, आणि विचारावेच. तेथे गेटवर उभे राहायचे की आत, हे त्यांच्या शिक्षणावर ठरेल.

राहिला भंगाराचा प्रश्न, ज्यासाठी खरे तर मी लिहायला बसलो. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने पोलाद-भंगाराच्या पुनर्वापराचे धोरण जाहीर केले. त्यात म्हटले आहे की देशाला मिळणाऱ्या भंगारापैकी अडीच कोटी टन देशातल्या असंघटित क्षेत्रातून येते आणि ७० लाख टन आयात होते. हे दोन आकडे शेजारी ठेवा. आयात झालेल्या भंगाराला प्रतवारी आहे, पतपत्र आहे, बंदरावर नोंद आहे, २०२१ पासून त्यावरची मूळ जकातही माफ झाली. २००४ साली गाझियाबादजवळच्या कारखान्यात परदेशी भंगारातले तोफगोळे फुटून कामगार मेले, त्यानंतर जहाजावर चढवण्यापूर्वी तपासणीची सक्ती झाली. योग्यच झाले. पण देशी भंगार? २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठाने विकलेल्या जुन्या यंत्रातून कोबाल्टचे किरण बाहेर पडले आणि भंगारात काम करणारा एक माणूस मेला. कोणत्या बंदरावर त्याची तपासणी व्हायची होती?

अडीच कोटी टन कोण गोळा करते? पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांपैकी बहुसंख्य दलित आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींची घरे मराठवाड्याच्या दुष्काळातून उठून तेथे गेली. १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली. आमच्याकडे तेवढेही नाही. सायकलला पोते बांधून माणूस वाडी-तांड्यावर फिरतो. मोडकी बादली, बिडाची कढई, पाण्याच्या मोटारीचा खोका, नांगराचा फाळ घेतो. बदल्यात लसूण, खारीक नाहीतर चार रुपये देतो. तालुक्याच्या काट्यावर ते लोखंड, बीड, पत्रा असे वेगळे होते. काट्यावर त्याला कळतो तो फक्त आजचा भाव. तो का उतरला हे त्याला कोणी सांगत नाही. तुर्कस्तानच्या भट्ट्यांनी खरेदी थांबवली की जगात भंगार उतरते, आणि ते उतरणे सेनगावच्या काट्यावर पोहोचायला आठवडाही लागत नाही. चढणे पोहोचायला मात्र वेळ लागतो. मधले तीन काटे आधी आपले घेतात.

२००८ साली आमच्या मार्गाचे ब्रॉडगेज झाले. रेल्वे जुने रूळ लिलावात विकते. रुळाखालची माती ज्यांच्या आज्यांनी टाकली, त्या वस्तीला त्या लिलावात बोली लावण्याची ऐपत असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता या भंगाराला नवे महत्त्व येत आहे. भंगारापासून केलेल्या पोलादात कोळसा कमी जळतो, आणि युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन-कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. निर्यात करायची तर भंगार हवे. त्यामुळे मोठ्या कंपन्या वाहने मोडण्याची केंद्रे काढीत आहेत आणि गोळा करण्याच्या धंद्यात उतरत आहेत. चौथ्या रकान्यातला आकडा वाढवायला सायकलवरच्या पोत्याची गरज पडली आहे, आणि नेमक्या याच वेळी ते पोते त्याच्याकडून जाण्याची शक्यता आहे. २०२४ मध्ये केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत कचरावेचकांचा समावेश झाला. नोंदणी नागरी स्वराज्य संस्थांमार्फत होते. हिंगोली, कळमनुरी, वसमत येथील कार्यकर्त्यांनी नगरपालिकेत जाऊन किती नावे चढली ते विचारावे. वाडी-तांड्यावर फिरणारा सायकलवाला त्या हद्दीत बसत नाही. त्याच्यासाठी अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, हे आधी ठरवावे लागेल.